दोन नळ्यांची हौस

कष्ट वाचवणारी एखादी वस्तू बाजारात आली की काही वर्षांनी 'आम्हाला ते कष्ट परत द्या' म्हणणारी मंडळी हमखास निघतात. कुणी शाईची पेनं जमवतं, कुणी रोलचे कॅमेरे, तर कुणी रविवारी सकाळी चावीचं घड्याळ कानाला लावून बसतं. आमची जात त्यातलीच, फक्त जरा ओली. पाण्याखाली श्वास घ्यायची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची यंत्रं पिशवीत घालून आम्ही थंडीत मालवणला जातो, आणि हलकं, नवं, सोयीचं साहित्य किनाऱ्यावर भाड्याने मिळत असताना ही जुनी धुडं पाठीवर चढवून समुद्रात उतरतो. घरचे याला सुट्टी म्हणत नाहीत.

आजच्या स्कूबात सिलिंडरकडून तोंडाकडे एकच बारीक नळी येते. जुन्यात सगळी यंत्रणा मानेमागे, थेट सिलिंडरच्या तोटीवर बसवलेली. क्रोमचं पाणी दिलेला वाटोळा पितळी डबा आणि त्याच्या दोन बाजूंनी निघून दोन्ही खांद्यांवरून पुढे येणाऱ्या जाड, वळ्यावळ्यांच्या रबरी नळ्या. एकीतून हवा येते, दुसरीतून सोडलेला श्वास मागे जातो. आमच्यात सगळ्यात लाडकी फ्रेंच 'मिस्त्राल', १९५५ सालची घडण. सिलिंडरमधला प्रचंड दाब एकाच टप्प्यात श्वासाजोगा उतरवते आणि आत भाग इतके थोडे, की वर्तमानपत्र पसरून त्यावर खोलावी, साफ करावी, परत लावावी. शेवटी हातात एकही स्क्रू उरत नाही, हा अनुभव आमच्या पिढीला दुर्मीळच.

दुसरी नळी मुळात कशाला, असं पहिल्यांदा बघणारा विचारतोच. सोडलेली हवा तोंडापाशीच सोडून दिली तर काय बिघडतं? याचं उत्तर १९४३ सालात आहे. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता, पेट्रोलची मारामार होती, आणि मोटारी लाकूड-कोळशाच्या गॅसवर चालवायची वेळ आली होती. 'एअर लिक्विड' कंपनीतला इंजिनिअर एमिल गान्यां अशा मोटारींसाठी एक झडप घेऊन बसला होता. इंजिन ओढेल तेवढाच गॅस सोडायचा, एवढंच तिचं काम. नौदलातला झाक कूस्तो त्याला भेटला आणि इंजिनाच्या जागी माणसाची छाती आली. पहिली चाचणी पॅरिसजवळच्या मार्न नदीत, तीही ऐन थंडीत. कूस्तो पाण्यात उभा राहिला की हवा भसाभस वाया जायची आणि डोकं खाली केलं की मिळेनाशी व्हायची. डब्यातला, हवा आत सोडणारा पडदा एका उंचीवर आणि बाहेर जायचं तोंड दुसऱ्या उंचीवर, म्हणजे दोघांवर पाण्याचा दाब वेगळा. गडबड तिथे होती. मग बाहेरचं तोंड नळीने मागे नेऊन पडद्याला अगदी चिकटून ठेवलं आणि प्रश्न मिटला. ती दुसरी नळी अशी आली. पुढे पडदा आणि बाहेरचं तोंड दोन्ही एकाच छोट्या भांड्यात घालून ते दातांत धरायला देता येतं हे जमल्यावर १९६० आणि ७०च्या दशकांत दोन नळ्यांचं साहित्य मागे पडलं. योग्यच झालं. मलाही कुणी पहिल्यांदा डायव्हिंग शिकायला विचारलं तर मी त्याला एका नळीकडेच धाडेन.

मग आम्ही का चिकटून आहोत? कारण या यंत्रात श्वास फुकट मिळत नाही, आणि तो कुठून येतोय ते अंगाला कळतं. पालथं पोहताना मानेमागचा पडदा छातीच्या वर असतो, म्हणजे कमी पाण्याखाली. फरक वीतभराचाच, पण तेवढ्यासाठी प्रत्येक श्वास किंचित ओढून घ्यावा लागतो. उताणं झालं की उलट, हवा आपण होऊन तोंडात येते. कूस बदलली की श्वासाची चव बदलते म्हणा ना. तोंडातला भाग निसटला तर हात डोक्यावर न्यायचा. नळीचं तोंड डब्याच्या वर गेलं की हवा खळाळून वाहू लागते आणि त्या आवाजावर ते सापडतं. नळीत पाणी शिरलं तर उच्छ्वासाच्या नळीच्या बाजूला कलून फुंकर घालायची. हे सगळं वाचून कळत नाही, दोन-चार घोट खारं पाणी प्यायल्यावर कळतं.

आणि तो रिझर्व्ह! जुन्या सिलिंडरला हवा किती उरली ते सांगणारा काटा नसायचा. तोटीत स्प्रिंगची एक झडप असे. दाब ठरावीक मर्यादेखाली उतरला की श्वास जड व्हायला लागे. मग कमरेपाशी आलेली तार खाली ओढायची, की राखून ठेवलेली हवा मोकळी. ज्याने बजाज चेतक चालवलीय त्याला पुढचं सांगायला नको. गाडी आचके द्यायला लागली की पाय न टेकता गुडघ्यापाशी हात घालून नॉब फिरवायचा, आणि पंप गाठायचा. दोन्हींची खोडही तीच. नॉब आधीच रिझर्व्हवर राहिलेला असतो आणि ते नको तिथे कळतं. स्कूटर आडवी करून, मग ढकलत नेता येते. पाण्याखाली तशी सोय नाही, म्हणून आम्ही काटा लावतोच आणि जोडीला एक जण आजच्या पूर्ण साहित्यात असतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट लागते; तिथे जुन्या काळच्या रोमँटिक गप्पा मारू नयेत.

मालवणच का, तर पाणी उथळ आहे आणि माणसं पाण्यातली आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडपं आहेत, त्यांवर प्रवाळ आहे, १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे. सिलिंडर मात्र इथलंच घ्यायचं. भरलेलं विमानात नेता येत नाही, आणि आपलं जुनं पोलादी नळकांडं गाडीत घालून आणलंच, तर खांद्यावरचा चाचणीचा शिक्का बघितल्याशिवाय कुणी जाणता माणूस त्यात हवा भरत नाही. एका डायव्हिंगवाल्याने आमच्या नळ्या बघून आधी आमची डायव्हिंग शिकल्याची कार्डं मागितली, मग नळ्या ताणून प्रत्येक वळी बोटाने उलगडून भेग शोधली. आमच्यातले एक-दोघे फणकारले. मला तो माणूस तिथेच आवडला.

आमच्या होडीचा तांडेल तर आमच्याहून जुन्या पद्धतीचा. दुसऱ्या दिवशी पाणी कसं असेल ते विचारलं की मोबाइल काढत नाही, तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा हिशेब. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. शिवाय अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाण्याची ओढ कमी, गाळ खाली बसलेला. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात खाली उतरून हिरवं धुकं बघायचं आणि वर यायचं. आम्ही सुट्टीच्या तारखा हल्ली पंचांग बघून ठरवतो. ऑफिसात मात्र रजेचं कारण 'कौटुंबिक' लिहितो.

सकाळी किल्ल्याजवळ होड्यांची गर्दी असते. ज्यांनी विहिरीतही कधी डोकं बुडवलं नाही अशी माणसं काळे सूट घालून शिडीला घट्ट धरून उभी असतात आणि मालवणची पोरं त्यांना समजावत असतात, "काका, नाकान नाय, तोंडान श्वास घेवा." मग एकेकाला सिलिंडरला धरून खाली नेतात, प्रवाळाशी व्हिडिओ काढतात, वर आणतात. या वरवरच्या प्रकाराला नाकं मुरडणारे आमच्यात आहेत. मला त्यात काही वावगं वाटत नाही. साठीच्या एका बाईंचा पाण्यातून वर आल्यावरचा चेहरा मी बघितलाय. त्यांना एक नळी आणि दोन नळ्या यांतला फरक सांगायला जाणं हा शुद्ध आगाऊपणा झाला असता.

पण खाली फरक आहे, आणि तो माशांना कळतो. एका नळीत बुडबुडे तोंडासमोरून, गालांवरून घडघडत वर जातात. दोन नळ्यांत ते मानेमागून सुटतात, कानांच्या मागे थोडा गुदगुल्यांसारखा खेळ, आणि समोर काहीच नाही. एका कपारीत गोबरा बसला होता, तपकिरी, ठिपक्यांचा, जाड ओठ खाली पाडून. मी हातभर अंतरावर गेलो तरी जागचा हलला नाही. त्याचे कल्ले उघडत-मिटत होते आणि माझा पडदा मानेमागे टक्-सुस्स करत होता. जुने पाण्याखालचे फोटोग्राफर या नळ्या सोडायला का तयार नव्हते ते तिथे पटलं. मग माझ्या जोडीदाराचे आधुनिक बुडबुडे आले आणि गोबरा आत गेला.

संध्याकाळचा उद्योग वेगळाच. सगळं गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं, नळ्या उलट्या टांगून निथळवायच्या, सुकल्या की आतून टाल्कम पावडर मारायची, नाहीतर रबर चिकटतं आणि पुढच्या थंडीपर्यंत तडकतं. आम्ही ज्या घरी उतरतो तिथल्या काकूंच्या वाळतीच्या दोरीवर गाऊन, टॉवेल आणि आमच्या नळ्या एका रांगेत. पहिल्या वर्षी त्यांनी नळीचं टोक उचलून वास घेतला होता आणि म्हणाल्या, "ह्यां तोंडात घालतलास? आधी धुवन तरी घेवा." रात्री तिसऱ्यांचं सुकं, भात आणि सोलकढी, आणि सिलिकॉनच्या नव्या नळ्या जुन्या डब्याला लावल्या तर ते यंत्र जुनं धरायचं की नाही यावर भांडण. नव्या नळ्यावाल्यांच्या बाजूने मी बोलतो, कारण माझ्या नव्या आहेत.

निघायच्या आधी होडीवरच्या पोराने, जो रोज पर्यटकांना खाली नेतो, मिस्त्राल मागून घेतली. छातीला काही न बांधता, नुसतं सिलिंडर आणि शिशाचा पट्टा लावून गेला आणि आमच्या सगळ्यांपेक्षा सहज पोहून आला. वर येऊन म्हणाला, "श्वास वायच जड, पण बुडबुडे खंय गेले ताच कळना नाय." मग किंमत विचारली. सांगितली. त्याने डबा हातात फिरवून बघितला, मागचे नट बघितले, आणि जपून माझ्या मांडीवर ठेवला.

"इतक्या पैशात होडयेक सेकंडहँड इंजिन येतलां," म्हणाला, आणि नांगर उचलायला पुढे गेला.