'नाइट्स इन व्हेनिस'चा उजवा चॅनल अखेर सुटला

मंडळी, जमलं! तबकडीवरून डिजिटल करायला घेतलेलं द सेंट्स या ब्रिस्बेनच्या पंक बँडचं 'नाइट्स इन व्हेनिस' हे गाणं आता पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या फीडबॅकपर्यंत सलग ऐकता येतंय. ज्या उजव्या चॅनलच्या चरचरीवर मागच्या दोन्ही नोंदी खर्ची पडल्या, ती गेली. थोडी खरखर उरली आहे, पण ती जुन्या मालकाच्या वापराची आहे, टर्नटेबलच्या जुळणीची नाही.

प्रकरण तेच, द सेंट्सचा १९७७चा पहिला अल्बम, ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची ऑस्ट्रेलियन प्रत, मेहुणीनं ब्रिस्बेनहून आणलेली. दुसऱ्या बाजूला पाच गाणी आहेत आणि शेवटचं सगळ्यात लांब. 'नो टाइम', 'किसिन' कझिन्स', 'स्टोरी ऑफ लव्ह' व्यवस्थित वाजायची. 'डिमॉलिशन गर्ल'पासून शंका यायला लागायची आणि 'नाइट्स इन व्हेनिस'ला उजवीकडचा आवाज फाटायचा. आतल्या खाचांचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाकडे येताना ती २१च्या आसपास येते. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा.

पण गायनाच्या किंवा वाद्यवृंदाच्या रेकॉर्डवर हे दुखणं लगेच ओळखू येतं, इथं येत नाही. एड क्युपरची गिटार मुळातच फाटलेली आहे! तो सहा मिनिटांच्या आसपास एक अखंड भिंत उभी करतो आणि त्या भिंतीत सुईची चरचर बेमालूम मिसळून जाते. बँडनं केलेला गोंगाट कुठला आणि आपण घातलेला कुठला, हे ठरवणं हेच यातलं खरं काम होतं.

त्यासाठी गिटार सोडून दिली आणि दोनच गोष्टी ऐकायला घेतल्या. ख्रिस बेलीच्या तोंडचे 'स' आणि आयव्हर हेची झांज. बेली शब्द ओढत, काहीसा आळसावून गातो, त्यामुळे त्याचे 'स' लांब आणि मोकळे पडतात. ते फुटले तर दोष आपल्याकडे. सीडीवर तेच 'स' स्वच्छ आहेत आणि गिटार तितकीच फाटलेली आहे. म्हणजे निकष मिळाला. ज्यांना गॅरेज किंवा पंक डिजिटाइझ करायचंय त्यांनी हाच वापरावा, गिटारवरून सुई कधीही जोखू नये.

पुढची तपासणी क्रमानं सांगतो. आरसीए वायरी डावी-उजवी अदलाबदल करून पाहिल्या, फाटणं डाव्या स्पीकरला गेलं. म्हणजे अॅम्प आणि स्पीकर सुटले. फोनो प्रीअॅम्पचे (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचे) दोन्ही चॅनल वेगळे तपासले, तेही निर्दोष. उरली सुई आणि जुळणी. उजवा चॅनल खाचेच्या बाहेरच्या भिंतीवर असतो आणि टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, स्वभावतः आत ओढला जातो, तेव्हा बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते. म्हणून पहिला संशय अँटीस्केटवर, म्हणजे दांड्याला बाहेर ओढणाऱ्या उलट्या जोरावर. वाढवला, फरक पडला, पण थोडाच. आणखी वाढवला तर पहिलं गाणं डावीकडे खरखरायला लागलं.

मग सुई. आमच्या कार्ट्रिजवर (सुई जिला लागते ती डबी), म्हणजे ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ वर, एकाच बॉडीला वेगवेगळ्या सुया लागतात. ही सोय मला फार आवडते, नवशिक्यांना मी हेच कार्ट्रिज सुचवतो. लंबगोल सुई काढून मायक्रोलिनिअर बसवली. तिचा खाचेच्या भिंतीशी संपर्क अरुंद पण उभा लांब असतो, त्यामुळे जुन्या गोल सुईनं जिथं घासलं नाही तिथंही ती पोचते. पहिली सुई एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आली ती सील फोडलेल्या पाकिटात, कँटिलिव्हर, म्हणजे सुईची बारीक दांडी, डोळ्यांना दिसेल इतका वाकडा. परत पाठवली, दुसरीकडून घेतली. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, सुई ज्याच्याकडे परत देता येते अशाच दुकानातून घ्या.

मायक्रोलिनिअरनं झांज उघडली. आधी नुसती 'छ्श' होती, आता काठीचा टोकदार ठोका आणि मागं सुटणारी लाट वेगळी ऐकू येते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. पण 'स' अजून फुटतच होते.

उत्तर शेवटी स्टीलच्या पट्टीनं दिलं. माझी जुळणी, म्हणजे कार्ट्रिज कुठं आणि कोणत्या कोनात बसवायचं याचा हिशोब, स्टीव्हनसनची होती, जपानी टोनआर्म बहुतेक त्याच हिशोबानं बनतात आणि 'आतली खाच स्वच्छ हवी तर स्टीव्हनसन' हे सगळीकडे सांगितलं जातं. त्यात सुई खाचेला अगदी स्पर्शरेषेत येते ती ६० आणि ११७ मिलिमीटरच्या त्रिज्येवर. आता ही बाजू जेमतेम पंधरा मिनिटांची आहे. स्पिंडलपासून मोजलं तर गाणं ६०च्या बरंच अलीकडेच संपतं! म्हणजे स्टीव्हनसनचा तो स्पर्शरेषेचा आतला बिंदू लेबलाजवळच्या रिकाम्या खाचेत पडत होता आणि आपलं गाणं दोन बिंदूंच्या मधल्या, जास्त चूक असलेल्या पट्ट्यात. बेअरवाल्ड या दुसऱ्या जुळणीचे बिंदू ६६ आणि १२१. कार्ट्रिज हेडशेलमध्ये (दांड्याच्या टोकाच्या पट्टीत) दोनेक मिलिमीटर पुढं सरकवलं, किंचित आत वळवलं, वजन दोन ग्रॅम पुन्हा तपासलं, अँटीस्केट मूळ जागी आणला. 'स' जुळून आले. आता मोठ्या बाजूंच्या तबकड्यांना स्टीव्हनसनच बरा असेल, पण छोट्या बाजूच्या पंक एलपीला आधी पट्टी लावा, मग जुळणी निवडा.

आणि साफ झाल्यावर काय ऐकू आलं म्हणाल, तर बँड किती घट्ट वाजवतो ते. गोंगाटाच्या खाली किम ब्रॅडशॉचा बास सरळ चालतो, आयव्हर हेच्या ड्रमच्या मागं कधीच पडत नाही. हा अडाणी गोंगाट नाही, तीन-चार वर्षं एकत्र वाजवून बसलेला हात आहे. १९७३पासून ही पोरं ब्रिस्बेनमध्ये वाजवत होती आणि त्यांना वाजवायला जागा कोणी देत नव्हतं. म्हणून पेट्री टेरेसवरचं राहतं घरच त्यांनी 'क्लब ७६' केलं, तेही पोलिसांच्या बराकींच्या शेजारी. प्रीमियर (तिथले मुख्यमंत्री) जॉ ब्येल्के-पीटरसनच्या क्वीन्सलंडमध्ये हे धाडसच होतं. लांब केसांच्या पोरांना पोलिस तिथं सहज हटकत.

सिंगलसुद्धा कोणी काढेना, तेव्हा जून १९७६ मध्ये वेस्ट एंडच्या स्टुडिओत '(आय'म) स्ट्रँडेड' रेकॉर्ड करून सप्टेंबरमध्ये स्वतःच्याच 'फेटल' लेबलवर काढलं. ५०० प्रती. लंडनच्या 'साउंड्स' साप्ताहिकानं त्याला या आणि प्रत्येक आठवड्याचं सिंगल ठरवलं, मग ईएमआय धावत आली. लंडनच्या द डॅम्ड्चं 'न्यू रोझ' ऑक्टोबरमध्ये आलं, सेक्स पिस्टल्सचं पहिलं सिंगल नोव्हेंबरमध्ये. ही तारीख मी दर नोंदीत लिहिणार, कारण पंकचा इतिहास अजूनही लंडनपासून सुरू केला जातो. १९७७ मध्ये लंडनला पोचल्यावरही यांनी ना केस ताठ केले ना सेफ्टी पिना टोचल्या, आणि पुढच्याच अल्बमवर ट्रम्पेट-सॅक्सोफोन आणले. बाजाराला हे पचलं नाही. मला मात्र त्यातल्या 'नो युअर प्रॉडक्ट'चा ब्रास विभाग त्या काळातला सगळ्यात धीट निर्णय वाटतो.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. एकाच जुळणीनं अख्खी बाजू का उतरवायची? 'नो टाइम'ला स्टीव्हनसन आणि कमी अँटीस्केट अधिक गोड लागतो, 'नाइट्स इन व्हेनिस'ला बेअरवाल्ड. दोनदा उतरवायची आणि दोन गाण्यांमधल्या शांत खाचेत सांधायची. वेग दोन्ही वेळा सारखाच असल्यानं सांधा ऐकू येऊ नये. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घेईन. क्लिक काढायचं सॉफ्टवेअर मात्र या तबकडीला लावणार नाही, ते ड्रमच्या काठीचा ठोका क्लिक समजून खातं. जे काही काढायचं ते हातानं, एक-एक.

त्यामुळे त्यांचा दुसरा अल्बम 'इटर्नली युअर्स' पुढं ढकलतोय. त्याआधी ब्रिस्बेनची सिंगल्स घ्यायचा विचार पक्का होतोय. सेंट्स गेल्यावर शहर थांबलं नाही. विद्यापीठातून डिसेंबर १९७५ मध्ये सुरू झालेलं फोर-झेड-झेड-झेड रेडिओ होतं, सप्टेंबर १९७७ मध्ये मोर्चांवर बंदी आली, आणि १९७८ मध्ये 'एबल' या छोट्या लेबलवर रेझर या बँडचं पोलिसांवरचं 'टास्क फोर्स' आणि गो-बिटवीन्स या बँडचं पहिलं सिंगल निघालं. एकाच लेबलवर इतके वेगळे स्वभाव! एकीकडे आरडाओरड, दुसरीकडे एका हॉलिवूड नटीवरचं लाजरं प्रेमगीत. गो-बिटवीन्सच्या नावानं तिथं नदीवर आता पूल आहे, २०१०चा.

सात इंची पंचेचाळीसला हा आतल्या खाचेचा त्रास कमी असतो, बाहेरच्या कडेला वेग ४० सेंटिमीटरच्या जवळ. पण त्यांची भोकं मधोमध नसतात आणि आवाज लडबडतो, तो वेगळा खेळ आहे. भोक मोठं असलेल्या सिंगलसाठी लागणारा अॅडॅप्टर तुमच्यापैकी कुणी पितळेचा कातवून घेतला असेल तर माप कळवा. माझा प्लास्टिकचा ढिला बसतो. पुढच्या रविवारी लेथवाल्याकडे जायचंय, त्याआधी माप हवं.