पाम स्प्रिंग्ज: वाळवंटातून दहा मिनिटांत बर्फात

जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जला दुपारी २१-२२ अंश तापमान असतं. लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून हिंडतात, पोरं हॉटेलच्या तलावात डुंबतात, आणि शहराच्या पश्चिमेला अगदी अंगावर आल्यासारख्या उभ्या असलेल्या सॅन हासिंटो डोंगराच्या माथ्यावर बर्फ चमकत असतो. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम १४६ मीटरवर आहे, शिखर ३,३०२ मीटरवर. या डोंगरावर नेणाऱ्या रोपवेचं खालचं स्टेशन ८०६ मीटरवर आणि वरचं २,५९६ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही साडेनऊशे मीटर उंच. हे अंतर पाळणा दहा-बारा मिनिटांत काटतो, आणि बहुतेकांची फजिती तिथेच होते. शहरातली हवा बघून कपडे केलेले असतात आणि दार उघडतं ते थेट थंडीत.

खाली-वर १७ ते २२ अंशांचा फरक धरून चाला. हवा कोरडी असली की उंचीबरोबर तापमान झपाट्याने उतरतं, म्हणून आकाश निरभ्र आहे यावर भिस्त ठेवू नका. खाली वीस अंश असताना वर शून्याच्या आसपास असू शकतं, आणि वारा सुटला तर त्याहूनही गार वाटतं. पॅसिफिककडून येणारे ढग या रांगेच्या पश्चिमेकडे आणि माथ्यावर रिकामे होतात, पूर्वेला कोरडी हवा उतरते. माथ्यावर बर्फ आणि पायथ्याशी वाळवंट, दोन्ही एकाच डोंगराची करणी.

बर्फ साधारण डिसेंबर ते मार्च या काळात मिळतो, पण हमी कुठल्याच आठवड्याची नाही. निघण्याआधी वरच्या स्टेशनचा थेट कॅमेरा ऑनलाइन बघा. वादळ चालू असताना जाण्यात अर्थ नाही, कारण जोराच्या वाऱ्यात पाळणे थांबवतात. वादळ गेल्यावर एक-दोन दिवसांनी, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळच्या पहिल्या पाळण्यांपैकी एक गाठलात तर उत्तम. नाताळची सुट्टी आणि लांब शनिवार-रविवार शक्यतो टाळाच. तिकीट आधी ऑनलाइन घ्या, वर जाण्याची वेळ ठरलेली मिळते. पार्किंगचे पैसे वेगळे पडतात. सप्टेंबरात देखभालीसाठी रोपवे काही आठवडे बंद असतो.

लॉस एंजेलिसहून पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे रहदारी नसेल तर दोन तास लागतात. आय-१० महामार्ग सोडून १११ नंबरच्या रस्त्याला लागलं की पवनचक्क्या मागे पडतात आणि शहराच्या वेशीवरच उजवीकडे ट्रामवे रोड लागतो. खूण हवी असेल तर टोकदार, पंखासारखं पसरलेलं छप्पर शोधा. १९६५ सालचा तो पेट्रोल पंप, वास्तुविशारद आल्बर्ट फ्राय यांच्या आराखड्याचा. आता तिथे पर्यटक माहिती केंद्र आहे. पुढचा साडेपाच-सहा किलोमीटरचा रस्ता चिनो कॅन्यनमधून नुसता चढतो, आणि त्यावर पेट्रोल मिळत नाही, तेव्हा टाकी शहरातच भरा. उन्हाळ्यात इथे इंजिन तापतं, म्हणून एसी बंद करून चढा. हिवाळ्यात पावसाची बातमी मात्र जरूर बघा: १४ फेब्रुवारी २०१९च्या वादळात हाच रस्ता वाहून गेला होता आणि रोपवे काही आठवडे बंद राहिला होता. वरची पार्किंगं भरली की खालच्या पार्किंगमधून शटल बस नेते. त्यासाठी तिकिटावरच्या वेळेआधी पाऊण तास हाताशी ठेवा.

कपडे इथेच, गाडीजवळ बदला. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. जीन्स नको. सुती कापड बर्फात बसल्यावर भिजतं, वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. साडी नेसणाऱ्या आईला आत थर्मल आणि पायांत मोजे-बूट घालायला लावाच. सँडलवर वर गेलेली माणसं स्टेशनच्या खिडकीतूनच बर्फ बघून परततात. हातमोजे पाणी न शिरणारे घ्या. मुलांचे मोजे दोन जोड जास्तीचे ठेवा आणि एक कोरडा जोड गाडीत. गॉगल आणि सनस्क्रीन थंडी आहे म्हणून गाळू नका. या उंचीवर ऊन तिखट असतं आणि बर्फावरून ते हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपर्यंत चटका देतं.

फ्रान्सिस क्रॉकर या विद्युत अभियंत्याच्या डोक्यात ही कल्पना १९३५ साली आली आणि रोपवे सुरू झाला १९६३ साली. पाचपैकी फक्त पहिल्या खांबापर्यंत रस्ता जातो, बाकीचे चार खांब हेलिकॉप्टरने सामान आणून उभे केले. खिडकीतून खालचा कडा बघितला की यातली मेहनत ध्यानात येते. पाळणा गोल आहे, ८० माणसांचा, आणि आतली जमीन सावकाश फिरते. प्रवासात दोन फेऱ्या पुऱ्या होतात, म्हणून खिडकीसाठी धक्काबुक्की करायचं कारण नाही. भिंत मात्र जागेवरच राहते: तिला टेकलात किंवा बॅग टेकवून ठेवलीत तर पाय पुढे आणि बॅग मागे. प्रत्येक खांब ओलांडताना पाळणा झोका खातो. त्याआधी सूचना होते, तेवढ्यात लहान मुलाचा हात धरा. तान्ह्या बाळाला चढता-उतरताना दूध पाजत राहा, म्हणजे कानाला दडे बसत नाहीत. कुत्र्यांना प्रवेश नाही.

वर उतरल्यावर पहिली दहा मिनिटं आतच काढा. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश असतो. पिशवीतलं वेफर्सचं पाकीट टम्म फुगलेलं दिसेल. डोकं जड होणं, चालताना दम लागणं स्वाभाविक आहे. पाणी पीत राहा, धावू नका. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना आधी विचारलेलं बरं. डोकेदुखी वाढत गेली किंवा उलटी झाली तर औषधाची वाट न बघता खाली यायचं.

स्टेशनच्या मागच्या दाराबाहेर सिमेंटची वळणावळणाची उतरण आहे. ती लाँग व्हॅलीत उतरते, आणि खरा बर्फ तिथेच. या सहलीतली सगळ्यात धोक्याची जागाही हीच. दिवसा पायांखाली तुडवून वितळलेला बर्फ रात्री गोठतो आणि सकाळी त्याची काच झालेली असते. कठडा धरून, आखूड पावलं टाकत, पूर्ण तळवा टेकवत उतरा. बुटांवर चढवायचे साखळीचे काटे सोबत असतील तर ते दारातच चढवा. परतताना हीच वाट चढायची आहे, आणि दमलेल्या वडीलधाऱ्यांना तिथे सगळ्यात जास्त धाप लागते. त्यांच्यासाठी दर वळणावर थांबायचा वेळ धरून निघा.

बर्फ कसा आहे त्यावरून पायांत काय घालायचं ते ठरवा. ताज्या, भुसभुशीत बर्फात पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुततो. तिथे बुटांखाली बांधायचे रुंद स्नोशू लागतात. लाँग व्हॅलीत ते भाड्याने मिळतात का, हे आधी विचारून घ्या. दोन-चार दिवस ऊन खाऊन आणि रात्री गोठून कडक झालेल्या बर्फावर स्नोशू उपयोगाचे नाहीत, तिथे काटे हवेत. सकाळी कडक असलेला तोच बर्फ दुपारी एकच्या सुमाराला उन्हात मऊ होतो आणि तुडवलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकलं की ढोपरभर आत जातो. घसरगुंडीची प्लास्टिकची तबकडी शहरातून आणा. उतार निवडताना सुरुवात नव्हे, शेवट बघा. खाली झाड, खडक किंवा माणसं असतील तर तो उतार सोडून द्यायचा.

पहिल्यांदा येणाऱ्यांना लाँग व्हॅलीच पुरे, असं आमचं स्पष्ट मत आहे. सोबतीला जेफ्री पाइनचे उंच बुंधे आहेत. उन्हात तापलेल्या सालीला नाक लावा, व्हॅनिलासारखा गोड वास येतो. इथल्या छोट्या फेरीला एक किलोमीटरच्या आसपास चाल पडते. डेझर्ट व्ह्यूची फेरी सुमारे अडीच किलोमीटरची, बर्फात तिला दोन तास धरा. पाट्यांवर अंतर मैलांत असतं, हिशेब करताना दीडपट नव्हे, १.६ पट करा. त्यापुढे राउंड व्हॅलीकडे किंवा शिखराकडे जायचं तर रेंजर चौकीत मोफत परवाना भरावा लागतो. शिखर एका बाजूने जवळजवळ नऊ किलोमीटर आहे. हिवाळ्यात वाट गाडली जाते आणि वरचे उतार गोठतात. क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लांब पोलादी काटे) आणि बर्फाची कुऱ्हाड वापरायचा सराव नसेल तर तो बेत नकोच.

वाट हरवली तर आपल्याच पावलांच्या ठशांवरून मागे फिरा. खाली शहर दिसतं, म्हणून ओढ्याच्या काठाने उतरायला जाऊ नका. हे ओढे धबधब्यांवरून आणि कड्यांवरून पडतात. २००६ च्या मे महिन्यात रोपवेने फिरायला आलेलं एक जोडपं असंच दरीत उतरून अडकलं होतं. वर्षभरापूर्वी बेपत्ता झालेल्या एका गिर्यारोहकाच्या सामानात त्यांना काड्यापेटी सापडली, ती पेटवून त्यांनी लक्ष वेधलं, म्हणून ते वाचले. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि डोक्याला लावायचा दिवा सोबत असू द्या.

वर कॅफेटेरिया आणि रेस्टॉरंट आहे, पण शाकाहारी माणसाला घरचे मेथीचे पराठे आणि थर्मासमधला चहा जास्त आधार देतात. केळी नेऊ नका, गारठ्यात काळी पडतात.

सूर्यास्ताला स्टेशनच्या गच्चीवरून कोचेला खोऱ्यातले दिवे लागताना दिसतात, स्वच्छ दिवशी दूरवर सॉल्टन सी हे सरोवरही. पण त्यानंतर सगळेच एकदम उतरायला येतात आणि गर्दीच्या दिवशी खाली जायची रांग तासभराचीही होते. लहान मुलं सोबत असतील तर सूर्यास्ताच्या तासभर आधीच पाळणा धरा. शेवटच्या पाळण्याची वेळ चढण्याआधीच लिहून घ्या. खाली आल्यावर ओले बूट डिकीत टाका, कोरडे मोजे घाला, आणि कॅन्यनचा उतार खालच्या गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ते तापून वास मारायला लागतात.