पायांत घुंगरू नाहीत

दुपारच्या खेळाला अजून दीड तास होता. रंगमंचाच्या कडेला एका लांब टेबलावर आम्ही सामान मांडून ठेवलं होतं. ‘ला बायादेर’ या बॅलेची नायिका निकिया हिचा पोशाख, फुलांची परडी, परडीत दडवलेला कापडी साप, राजकन्येचा मुकुट आणि बोटांच्या टोकांवर नाचण्यासाठीच्या पॉइंट शूजचे दोन जोड. एक नवाकोरा, दुसरा आदल्या रात्री नाचून संपलेला.

लंडनमधल्या नाट्यगृहांत मी ऑडिओ डिस्क्रिप्शनचं काम करते. ज्यांना दिसत नाही किंवा फारच कमी दिसतं अशा प्रेक्षकांच्या कानांवर हेडसेट असतो, आणि मागच्या बाजूच्या काचेच्या खोलीत बसून मी त्यांना समोर काय चाललंय ते सांगते. नाटकात दोन संवादांच्या फटीत बोलायचं असतं. बॅलेत संवाद नसले तरी संगीत असतं, आणि माझा प्रत्येक शब्द त्या संगीतावर पडतो. म्हणून आधी मी व्हिडिओ सहा-सात वेळा बघते, वहीत मिनिटं-सेकंद टिपते, आणि लिहिलेल्यातलं निम्मं खोडून टाकते. खेळाआधी आलेल्या प्रेक्षकांना कपडे, सामान हाताळून बघता यावं म्हणून हे टेबल असतं.

त्या दिवशी सातजण आले होते. त्यातले एक आजोबा माझं बोलणं ऐकून थबकले. ‘‘तू मराठी आहेस का गं?’’ त्यांनी सरळ मराठीतच विचारलं. माझ्या इंग्रजीतला कुठला उच्चार त्यांनी पकडला कोण जाणे. दादरला वाढलेले, नोकरीसाठी इकडे येऊन पन्नास वर्षं झालेली, बारा वर्षांपूर्वी काचबिंदूने नजर गेलेली. बरोबर काकू होत्या. पुढची दहा मिनिटं काकांनी निकियाचा पोशाख सोडलाच नाही. चोळीची जर, कमरेचा पट्टा, झिरझिरीत सलवार असं सगळं बोटांनी चाचपत गेले आणि पोटाशी येऊन थांबले.

‘‘इथे काय लावलंय?’’

‘‘जाळी आहे काका. पोट उघडं दिसावं म्हणून कातडीच्या रंगाची जाळी.’’

‘‘कुणाच्या कातडीच्या?’’

‘‘फिकट आहे. गोऱ्या कातडीच्या.’’

त्यांनी मान हलवली आणि शूज मागितला. नव्या शूजचा पुढचा भाग कापड, कागद आणि खळीचे थर देऊन कडक केलेला असतो, बोटांवर उभं राहायचं ते त्याच्या आधारावर. काकांनी तो टेबलावर आपटून पाहिला. टक, टक. मग नाचून मऊ पडलेला जोड आपटला, त्याचा आवाज बसका आला. सांगितलं त्यांना, की आवाज कमी व्हावा म्हणून नर्तकी नवे शूज जमिनीवर आपटून, ठोकून नरम करतात, आणि मोठ्या भूमिकेत एक जोड एका रात्रीत संपू शकतो. काकांनी दोन्ही शूज शेजारी शेजारी ठेवले.

‘‘ही देवळातली नाचणारी ना? मग हिच्या पायांत घुंगरू कुठे आहेत?’’

मी गेली नऊ वर्षं हे काम करतेय. ‘ला बायादेर’चं वर्णन त्याआधी दोनदा केलेलं. कोण कुठून येतं, कुणाचा हात कुठे जातो, प्रकाश कधी निळा होतो, सगळं माझ्या वहीत होतं. घुंगरू नाहीत ही गोष्ट वहीत नव्हती. डोळ्यांनी बघणाऱ्याला नसलेली वस्तू सहसा दिसत नाही. काकांना ती ऐकू आली, तीही पडदा वर जायच्या आधी.

या बॅलेचा पहिला खेळ 1877 साली सेंट पीटर्सबर्गला झाला. रचना मारियुस पेतिपाची, संगीत लुडविग मिंकुसचं. निकिया ही देवळातली नर्तकी, सोलोर हा योद्धा, गमझात्ती ही राजकन्या, आणि एक मुख्य ब्राह्मण जो स्वतःच निकियावर भाळलेला आहे. सोलोर निकियाला शब्द देतो आणि राजकन्येशी लग्नाला तयार होतो. लग्नाच्या समारंभात निकियाला नाचावं लागतं, तिला फुलांची परडी दिली जाते, परडीतला साप तिला चावतो. ब्राह्मण उतारा पुढे करतो, ती तो घेत नाही. पुढे अफूच्या धुंदीत सोलोरला ती छायांच्या, म्हणजे मेलेल्या नर्तकींच्या आत्म्यांच्या, राज्यात भेटते. ही कंपनी बॅले तिथेच संपवते. काही आवृत्त्यांत पुढे देऊळ कोसळतं.

पेतिपा भारतात कधी आलेला नव्हता. पण भारतातल्या नर्तकी युरोपात येऊन गेल्या होत्या. 1838 साली पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमहून देवदासींचा एक छोटा ताफा पॅरिसला गेला, मग लंडनला आला आणि ॲडेल्फी थिएटरमध्ये नाचला. स्ट्रँड या रस्त्यावर त्याच जागी त्याच नावाचं नाट्यगृह आजही आहे, कामाला जाताना मी त्याच्यावरून जाते. पॅरिसला त्यांच्यातल्या अम्मनीवर लिहिलं ते तेओफिल गोतिए या समीक्षकाने. त्याच गोतिएने तीन वर्षांनी ‘जिझेल’ या बॅलेची कथा रचण्यात भाग घेतला, आणि 1858 साली शकुंतलेवरच्या बॅलेची संहिता लिहिली. ती बसवली होती पेतिपाच्या थोरल्या भावाने. म्हणजे पायांतले खरे घुंगरू पॅरिस आणि लंडन दोन्हीकडे वाजले होते, समीक्षकांनी ऐकले होते. चाळीसेक वर्षांत वाटेत कुठे तरी ते गळून पडले.

आणि ‘बायादेर’ हा शब्द आला तो पोर्तुगीज ‘बायलादैरा’वरून. नाचणारी. गोव्यात पोर्तुगीज ज्यांना या नावाने हाक मारायचे त्यांच्यातली एक माझ्या आजीची आई. फोंडा तालुक्यातल्या एका देवळात सोमवारच्या पालखीपुढे तिची सेवा असे. आमच्या घरात हे कधी मोठ्याने बोललं गेलं नाही. आजीने शाळेत जाऊन तो उंबरा ओलांडला आणि मागे वळून पाहिलं नाही, तिला पाहायचंही नव्हतं. कलावंत घराण्यांतून आलेल्या कितीतरी बायकांनी पुढे अख्खा महाराष्ट्र ऐकायला बसवला. केरीच्या गायिका केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अवकाशात गेली. माझी पणजी मात्र पालखीपुढेच राहिली. काकांच्या प्रश्नाने मला ती आठवली, आणि पुढच्या अर्ध्या तासात मी जे केलं त्यामागे तीही होती, हे मी नाकारणार नाही.

कारण माझ्या फोनमध्ये सकाळपासून ऑफिसचा एक मेल पडून होता. या कंपनीत फकिरांच्या भूमिका करणारे गोरे नर्तक अंगाला तपकिरी रंग फासतात. पहिल्या खेळानंतर त्यावर बरंच लिहून आलं होतं. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकन नर्तकी मिस्टी कोपलंडने मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहातल्या याच बॅलेतला, चेहरे काळे केलेल्या मुलींचा फोटो जगासमोर आणला तेव्हापासून हा वाद धुमसतोच आहे. आमच्या वाट्याला आलेली परीक्षणं वाचून मला वाटलं, हे लोक दोन वेगळे बॅले बघून आलेत. एकाने छायांच्या प्रवेशावर जीव ओवाळून टाकला होता आणि पहिल्या दोन अंकांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. दुसऱ्याने पहिले दोन अंक सोलून काढले होते आणि छाया एका वाक्यात उरकल्या होत्या. दाराशी दोन तरुण मुली शांतपणे पत्रकं वाटत उभ्या होत्या. मेलमध्ये सूचना होती, की वर्णनात अंगाच्या रंगाचा उल्लेख नको, दृष्टिहीन प्रेक्षकांना नाहक त्रास होईल.

आमच्या कामाचा पहिला नियम साधा आहे. दिसतं ते सांगायचं. चांगलं की वाईट ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. दोन हजार लोकांना जे दिसणार ते या सातजणांपासून लपवायचं, तेही त्यांच्या भल्यासाठी, हे मला पटेना. बाहेर एवढं भांडण चालू आहे आणि यांना त्यात बोलताच येऊ नये?

खेळाआधी दहा मिनिटं मी हेडसेटवर प्रस्तावना करते. मंच कसा आहे, कोण कोण आहे, काय काय घातलंय. त्यात मी माझं एक वाक्य घातलं: ‘‘फकिरांचं काम करणारे नर्तक गोरे आहेत, त्यांनी अंगाला गडद तपकिरी रंग लावला आहे, आणि हातांचे तळवे तेवढे कोरे आहेत.’’ आवाजात काही आणलं नाही. मुकुटातल्या खड्यांचं सांगितलं तसंच सांगितलं.

पहिल्या मध्यंतरात फोन आला. वाक्य कुणी मंजूर केलं, असं विचारलं गेलं. वाक्य माझं आहे, मी म्हटलं. उरलेलं बोलणं खेळानंतर, असं ठरलं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी निकियाचा परडी घेऊन नाच आहे. आधी चेलोवर संथ, मग एकदम लय चढते. इथे माझ्यासारखीने करू नये अशी एकच चूक असते, साप आधी सांगणं. मी ओठ मिटून बसले. ती परडी छातीशी धरते, चेहऱ्याजवळ नेते. ‘‘साप. मानेवर.’’ त्याच क्षणी प्रेक्षागृहातून श्वास ओढल्याचा आवाज आला, आणि काचेतून मला काकांचा हात काकूंच्या हातावर गेलेला दिसला. सगळ्यांबरोबर. एक क्षण आधी नाही, नंतर नाही. या कामात मला जे हवं असतं ते एवढंच.

मग छाया. अंधाऱ्या मंचाच्या मागच्या टोकाला एक उतार आहे. पांढऱ्या टुटूतली, म्हणजे जाळीच्या घेरदार झग्यातली, पहिली नर्तकी वर दिसते. ती एका पायावर पुढे झुकते, दुसरा पाय मागे लांब जातो. मग सावरते, पाठ मागे कलते, हात डोक्यावर गोल येतात, आणि दोन पावलं. तिच्यामागे दुसरी तेच करते. मग तिसरी. चोवीसजणी एकामागून एक उतरत राहतात, शेवटची येईपर्यंत पहिलीने तीच हालचाल तीसहून अधिक वेळा केलेली असते, आणि एकीचाही घोटा हलला तर सगळी माळ तुटल्यासारखी दिसते. पहिल्या तिघींचं मी नीट सांगितलं. मग म्हटलं, ‘‘अशा चोवीस येणार आहेत. मी आता गप्प बसते.’’ अधूनमधून फक्त आकडा सांगितला. सहा. बारा. अठरा.

मागे दोनदा मी हा सगळा वेळ बोलून भरून काढला होता. हात कसे, जाळीचे पदर कसे, चंद्रप्रकाश कसा. या खेपेला मी स्वतः ऐकत बसले. व्हायोलिनांच्या खालून पायांचा आवाज येत होता, मऊ, बसका, चोवीस जोड्यांचा एकत्र, पाचोळ्यावर पाऊस सुरू व्हावा तसा. परीक्षणं लिहिणाऱ्यांपैकी कुणीही या आवाजावर लिहिलेलं नव्हतं.

खेळानंतर वरच्या दालनात प्रेक्षकांशी गप्पांचा कार्यक्रम होता. कुणी म्हणालं हे आता बंद करा. कुणी म्हणालं दीडशे वर्षांची कला आहे, हात लावू नका. टाळ्या दोन्ही बाजूंना पडल्या. मग आमच्यातल्या एक बाई उठल्या, सत्तरीच्या, वाटाड्या कुत्रा पायाशी झोपलेला. त्या म्हणाल्या, की छाया उतरताना रडू आवरलं नाही, आणि फकिरांच्या रंगाचं सांगितलं नसतं तर घरी जाऊन पेपरात वाचल्यावर आपण फसवले गेलो असं वाटलं असतं. दोन्ही एकाच दुपारी घडलं, म्हणाल्या, आणि बसल्या. सोबतीला आलेल्या एका गृहस्थांना मात्र पटलं नाही. माझ्या भावाला नाच ऐकायचा होता, तुम्ही त्याच्या कानात वाद घातलात, असं ते मला तोंडावर म्हणाले. त्यांचं म्हणणं मी खोटं म्हणत नाही. भावाला विचारलंत का, एवढंच विचारलं. ते काही बोलले नाहीत.

काकांनी हात वर केला. माइक त्यांच्या हातात काकूंनी दिला.

‘‘मला कुणाचा अपमान झाला की नाही ते सांगायचं नाही,’’ ते इंग्रजीत म्हणाले. ‘‘माझी बायको मला सांगत होती की हे देवळात सलाम करतायत. ते ठीक. पण अख्ख्या देवळात एक घुंगरू वाजला नाही. तुम्ही आमचं सगळं घेतलंत, फक्त आवाज ठेवून आलात. का?’’

व्यासपीठावरच्या माणसाने प्रामाणिकपणे उत्तर दिलं. बोटांवर उभ्या नर्तकीच्या घोट्याला वजन नको, आणि शांत उतरणं हेच या कलेचं कौशल्य, पाऊल ऐकू येता कामा नये. काकांनी ते लक्ष देऊन ऐकलं. ‘‘आमच्याकडे उलट,’’ ते म्हणाले. ‘‘पाऊल ऐकू आलंच पाहिजे. मग मला नाच दिसतो.’’

लिफ्टपर्यंत मी त्यांना सोडायला गेले. तिथे मी त्यांना पणजीचं सांगितलं. परक्या माणसाला पहिल्यांदाच. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. काकांनी विचारलं, ‘‘तिचे घुंगरू आहेत का गं घरी?’’

मला माहीत नव्हतं. रात्री गोव्यात उशीर झाला होता तरी आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘आजीने विहिरीत टाकले. मी लहान होते, आवाज आठवतो.’’

ऑफिसमधलं बोलणं दुसऱ्या दिवशी झालं. मी आमच्या कामाचा नियम पुढे ठेवला, आणि त्या बाईंचं म्हणणं. अर्ध्या तासाने वाक्य राहिलं. पुढचा वर्णनाचा खेळ दहा दिवसांनी होता. त्या दिवशी प्रस्तावनेत निकियाचा पोशाख सांगून झाल्यावर मी वहीत पेनाने घातलेली नवी ओळ वाचली: ‘‘पायांत गुलाबी सॅटिनचे पॉइंट शूज आहेत. घुंगरू नाहीत.’’