२५ अर्ज

आज वर्ग सुटल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. इथेच, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये जन्मलेला, मोरोक्कन घरातला, १९ वर्षांचा. मी शिकवतो त्या एमबीओत, म्हणजे इथल्या व्यावसायिक शाळेत, इलेक्ट्रिशियनचं शिकतोय. हात इतका सफाईदार की वायर सोलताना तांब्यावर ओरखडा उठत नाही.

त्याने फोन पुढे केला. स्टाजसाठी, म्हणजे कंपनीतल्या प्रशिक्षणासाठी, पाठवलेले २५ अर्ज. उत्तरं दोन, दोन्ही नकार. स्टाज नाही तर डिप्लोमा नाही. परकं नाव-आडनाव पाहून स्टाज नाकारण्याचा हा भेदभाव थांबवायला २०२३ मध्ये सरकार, शाळा आणि उद्योगांनी मिळून करारही केला, पण या पोराच्या फोनपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

शेजारी त्याचा डच मित्र उभा होता. त्याला काकांच्या ओळखीने एका फोनवर जागा मिळाली. मान खाली घालून म्हणाला, "सर, मी कधी असा विचारच केला नव्हता."

मी तरी कुठे केला होता? गावाकडे आडनाव विचारून माणूस जोखताना लहानपणापासून पाहिलंय. तेव्हा माझं आडनाव माझ्या बाजूने होतं.

सोमवारी त्याच्यासोबत मी स्वतः दोन वर्कशॉपमध्ये जाणार आहे.