पिकअपची नोंदवही : टाकीचे श्रेय बाटलीला

मागच्या नोंदीत मी मोठ्या विश्वासाने लिहिले होते की इंजेक्टर क्लीनरच्या (डिझेलमध्ये ओतून नोझल साफ करण्याच्या औषधाच्या) दुसऱ्या बाटलीनंतर गाडीचा सकाळी चालू न होण्याचा हट्ट संपला. ते विधान आज मागे घेतो. ज्या मंडळींनी माझ्या सांगण्यावरून बाटल्या विकत घेतल्या असतील त्यांचे पैसे अगदीच पाण्यात गेलेले नाहीत, त्याविषयी पुढे लिहिलेच आहे. परंतु गाडी सकाळी एका सेल्फवर उठण्याशी त्या बाटलीचा काडीचाही संबंध नव्हता, हे आता पुराव्यानिशी सांगता येते.

दुसऱ्या बाटलीनंतर आठ दिवस सारे सुरळीत होते. नवव्या दिवशी पहाटे आंबिया बहराच्या संत्र्याचे ६० क्रेट भरून वरुडला निघायचे होते, मजूर मागे चढून बसलेले होते, आणि गाडीने सहा सेल्फ खाल्ले. प्रत्येक सेल्फ दहा सेकंदांचा आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, हा माझा नियम मी पाळला, तरी शेवटी ट्रॅक्टर लावूनच गाडी ओढावी लागली. पुतण्या शांतपणे म्हणाला, "काका, बाटली संपली वाटते." त्या वेळी राग आला, पुढे लक्षात आले की निदान चुकीचे असले तरी त्याच्या बोलण्यात धागा होता. बाटली संपली नव्हती, टाकी संपत आली होती.

पण तेवढे कळायला मला आणखी तीन आठवडे लागले.

आपले इंजिन यांत्रिक पंपाचे, डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे), आणि हीटर प्लग, म्हणजे थंडीत सिलिंडर तापवणारे प्लग, नसलेले आहे, त्यामुळे प्लगचा प्रश्न नव्हता. तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले की चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे भाग) गेले आहेत, काढून अमरावतीला पाठवा. दुसऱ्याने बॅटरी बदलायला सांगितली. बॅटरी मी स्वतः मोजली: रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट आणि सेल्फ फिरताना १०.३, म्हणजे तिच्यावर आरोप करण्यात अर्थ नव्हता. नोझल पाठवण्याच्या तयारीने मी पाने काढून बसलो होतो. त्याच दिवशी आमच्या गावचे एक जुने ड्रायव्हर, ज्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला, ते फाटकाशी थांबले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: "भाऊ, सेल्फ मारतानी मागून धूर निघते का, थे पाह्यलं का?"

मी ते पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी पुतण्याला सेल्फ मारायला बसवून मी सायलेन्सरपाशी उभा राहिलो. पाच सेल्फपर्यंत धुराचा मागमूस नव्हता. सहाव्याला पांढऱ्या धुराचा लोट आला आणि गाडी थरथरत उठली. याचा अर्थ सरळ आहे. नोझल नीट फवारा मारत नसते तर डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचून अर्धवट जळाले असते आणि पहिल्या सेल्फपासून पांढरा धूर दिसला असता. धूरच नाही, म्हणजे डिझेलच पोहोचत नाही. नोझल काढण्याचा बेत त्याच क्षणी रद्द केला आणि टाकीकडून येणारी डिझेलची लाइन एअर घेते आहे, म्हणजे तिच्यात हवा शिरते आहे, असे गृहीत धरून मागच्या बाजूने शोध सुरू केला.

पहिला संशय बॅन्जो बोल्टच्या (डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) कॉपर वॉशरवर गेला. डिझेल फिल्टर आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) यांवरचे सर्व वॉशर बदलले, उरलेले डिझेल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्न लाइनच्या क्लिपा नव्या लावल्या, एअर काढली, आणि बाहेर पडलोच आहे तर डिझेलही भरून आलो. चार-पाच दिवस गाडी सकाळी पहिल्याच सेल्फवर उठली. मी विजयाची नोंद लिहायला घेतली होती, सुदैवाने पाठवली नाही, कारण सातव्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवशी मी हातातला पाना गोठ्याच्या भिंतीवर फेकला, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. भिंतीचे पोपडे निघाले, पान्याला काही झाले नाही.

उलगडा झाला तो पान्याने नव्हे, वहीने. मी डिझेल भरण्याची तारीख, लिटर आणि किलोमीटर एका स्तंभात लिहितो, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. त्याच्या शेजारी नोव्हेंबरपासून सकाळी किती सेल्फ लागले तेही लिहीत होतो. एका रात्री दोन्ही स्तंभ एकत्र वाचले, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. टाकी फुल केल्यानंतरचे चार-पाच दिवस एक सेल्फ, टाकी अर्ध्याखाली गेली की दोन-तीन, पाव टाकी राहिली की पाच-सहा. पहिली बाटली मी फुल टाकीत ओतली होती. दुसरीही फुल टाकीत. वॉशर बदलले त्या दिवशीही टाकी फुल. बाटलीवर लिहिलेलेच असते की टाकी भरताना ओता, म्हणजे दर वेळी औषध आणि टाकी एकाच दिवशी, आणि श्रेय मात्र औषधाला.

त्याच वहीत आणखी एक गोष्ट सापडली. वावरात मुक्काम पडला त्या तीन सकाळी, टाकी पाव असूनही, गाडी पहिल्या सेल्फवर उठलेली होती. घरी गाडी फाटकाच्या चढावर तोंड वर करून उभी राहते आणि वावरात नाल्याच्या दिशेने तोंड खाली करून. तोंड खाली असले की टाकी पंपापेक्षा वर येते आणि डिझेल लाइनमध्ये टिकते. तोंड वर असले आणि कोठूनतरी हवा शिरायला वाट असली, तर रात्रभरात सारी लाइन टाकीत उतरून जाते. फुल टाकीत डिझेलची पातळी वर असल्याने उतरायला वाव कमी मिळतो. कारण समजले, आता फक्त वाट शोधायची होती.

यासाठी पारदर्शक नळीसारखे साधन नाही. मापाची हातभर नळी कृषी केंद्रात फवारणी पंपाच्या सामानात मिळाली. (डिझेलमध्ये ही नळी काही दिवसांत कडक होते, म्हणून ती तपासणीपुरतीच वापरावी, आणि पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या जाड पाइपांच्या जागी ती लावण्याचा विचारही कोणी करू नये, कारण तेथील दाब दोनशे बारच्याही वर जातो.) आधी ती टाकीकडून येणाऱ्या लाइनमध्ये, फीड पंपाच्या अलीकडे लावली. इंजिन चालू असताना एकही बुडबुडा आला नाही, म्हणजे टाकीपासून तेथपर्यंतची लाइन निर्दोष. मग तीच नळी फीड पंप आणि फिल्टर यांच्यामध्ये लावली आणि सोड्याच्या बाटलीसारखी बुडबुड्यांची माळ सुरू झाली. दोन्ही जागांच्या मध्ये फक्त फीड पंप होता, आणि त्याच्या डोक्यावर हँड प्रायमर, म्हणजे लाइनमधली हवा काढण्यासाठी हाताने दाबायचा पंप.

खात्री करण्यासाठी मी प्रायमरच्या मानेभोवती बोटाने जाड ग्रीस थापले. दोन-तीन मिनिटांत माळ विरळ झाली, मग तुटली, आणि नळीत काचेसारखे स्वच्छ पिवळसर डिझेल वाहू लागले. मी इंजिन चालू ठेवून दहा मिनिटे नुसता ती नळी पाहत बसलो. चहा निवून गेला तरी उठवेना.

हा प्रायमर मी गेल्या जूनमध्ये बदलला होता, आणि गरज नसताना बदलला होता. जुन्याची मूठ झिजली होती एवढेच निमित्त. दुकानदाराने कंपनीचा माल म्हणून जो दिला, त्याच्या खोक्यावर छापील नाव होते आणि आतल्या भागावर कोठलीच खूण नव्हती. उबदार दिवसांत त्याचे रबर मऊ राहून कसेबसे धरत असावे आणि थंडीत आखडले असावे, असा माझा अंदाज आहे. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण चूक माझीही आहे; तीनशे रुपये वाचवण्याच्या नादात मी खूण पाहिलीच नाही. पंप आणि नोझलच्या वाटेवरचा कोणताही भाग घेताना खोके वाचू नका, भागावर कोरलेला नंबर वाचा.

जुना प्रायमर खिळ्यांच्या डब्यात सापडला. आमच्या घरात काहीही फेकत नाहीत म्हणून मी आजवर तक्रार करत आलो, ती तक्रारही मागे घेतो. नवा वॉशर घालून तो बसवला, फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून फेस थांबेपर्यंत पंपिंग केले आणि स्क्रू आवळला. त्यानंतर टाकी मुद्दाम पावावर येऊ दिली, गाडी फाटकाच्या चढावर तोंड वर करून ठेवली, कोणतीही बाटली ओतली नाही. सलग चार सकाळी, त्यांपैकी एकदा तापमान १० अंशांखाली असताना, गाडी पहिल्याच सेल्फवर उठली.

येथे थांबावे असे वाटत होते. पण लिहिता लिहिता लक्षात आले की फीड पंपाच्या आत एकमार्गी वॉल्व्ह असतात, आणि ते नीट बसत असते तर प्रायमरने हवा घेतली तरी फिल्टरपर्यंतची सगळी लाइन रिकामी व्हायला नको होती. म्हणजे वॉल्व्हही थकलेले आहेत. टाकीच्या लाइनमध्ये वेगळा एकमार्गी वॉल्व्ह टाकावा असा विचार दोन दिवस मनात होता आणि मी तो या नोंदीत सुचवणारही होतो. आता तो सोडून देतो. असा वॉल्व्ह दोष झाकतो, दूर करत नाही, आणि ओढण्याच्या बाजूला आणखी दोन जोड वाढवतो. त्यापेक्षा फीड पंप उघडून वॉल्व्ह आणि स्प्रिंग धुऊन पाहणे योग्य.

आता बाटलीविषयी. तिने दोन कामे केली. थंड इंजिनची खडखड थोडी मऊ झाली आणि भरल्या गाडीने चढावर निघणारा काळा धूर डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. तिसरे काम कोणी सांगत नाही: जुन्या टाकीतला आणि लाइनमधला मळ सुटून फिल्टरमध्ये आला. पहिल्या बाटलीनंतर ८०० किलोमीटरला फिल्टर कापून पाहिला, तर कागदाच्या घड्या काळ्या लेपाने भरलेल्या होत्या. म्हणून जुन्या गाडीत क्लीनर टाकायचा असेल तर फिल्टरची किंमत त्याच खर्चात धरा, आणि वॉटर सेपरेटरच्या तळाचे पाणी आठवड्याला सोडा. पेट्रोलच्या गाडीसाठीची बाटली डिझेलमध्ये टाकू नका, दोन्हींतली रसायने वेगळी असतात. झिजलेले नोझल किंवा थकलेली स्प्रिंग कोणतीही बाटली सुधारू शकत नाही. दर टाकीला ओतण्याचा उद्योग मी बंद करतो. वर्षातून एकदा, हंगामाआधी, पुरे.

डिझेलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळावे का, हे अनेकांनी विचारले होते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आले, गंधक ५० पीपीएमवरून १० वर उतरले, आणि कमी गंधक म्हणजे पंपाला कमी वंगण ही भीती तेव्हापासून फिरते आहे. परंतु डिझेलच्या भारतीय मानकातच वंगणक्षमतेची अट आहे, चाचणीतला झिजेचा ठसा ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही, आणि ती पाळण्यासाठी मिश्रके रिफायनरीकडूनच घातली जातात. मी काही मिसळत नाही. रॉकेल मिसळणाऱ्यांशी तर वादच घालत नाही. त्यांचा पंप एक दिवस घालेल.

देखभालीतील एक छोटा आनंद सांगण्यासारखा आहे. प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) मागच्या क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, ग्रीस निपल दोन वर्षे बंद होता. रात्रभर डिझेल आणि इंजिन ऑइलच्या मिश्रणात भिजवलेले फडके त्याला गुंडाळून ठेवले, सकाळी ग्रीस गन लावली, आणि चारही कपांमधून आधी तांबूस, मग काळे आणि शेवटी स्वच्छ ग्रीस बाहेर आले. २,८४,३१० किलोमीटर झालेल्या गाडीचा क्रॉस न बदलता वाचला. ऑइल १५डब्ल्यू-४० भरले, एअर फिल्टर झटकून पुन्हा न घालता नवाच घातला. कापसाच्या दिवसांत रस्त्यावर जी धूळ आणि तंतू उडतात, त्यांत झटकाझटकी परवडत नाही.

एक प्रश्न मात्र शिल्लक आहे. आयडलवर नोझलकडे येणाऱ्या पाइपांचे नट एकेक करून सैल केले (हा प्रयोग फक्त यांत्रिक पंपावर, कॉमन रेलच्या, म्हणजे कायम प्रचंड दाबाखाली डिझेल ठेवणाऱ्या नव्या पद्धतीच्या, गाडीवर केल्यास जीवावर बेतेल), तेव्हा पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरला इंजिन स्पष्ट दबले, तिसऱ्याला जेमतेम. क्लीनरच्या आधी तसेच होते, नंतरही तसेच आहे. संत्र्याचा हंगाम आटोपला की चारही नोझल काढून अमरावतीला तपासायला द्यायचे ठरले होते, सीटचे कॉपर वॉशरही आणून ठेवले आहेत. परंतु धुराच्या प्रश्नाने शिकवले तेच येथे लावतो: तिसऱ्याचा एक्झॉस्ट टॅपेट (धूर सोडणाऱ्या वॉल्व्हला दाबणारा भाग) घट्ट असेल तर वॉल्व्ह पूर्ण बसणार नाही, कॉम्प्रेशन कमी पडेल आणि दोष नोझलच्या माथी जाईल. ती फट मोजायच्या पात्यांचे फीलर गेज घरात आहे. रविवारी थंड इंजिनावर झाकण उघडतो, मग अमरावतीचे पाहू.