काटोलची पेटी
आज नागपुरात महाल भागातल्या घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. आजोबांची, काटोलहून आलेली. आत कापूस विकल्याच्या पट्ट्या, म्हणजे हिशेबाच्या पावत्या. मण, शेर, हमाली, सगळं टाकानं लिहिलेलं. एका कागदावर ‘मध्यप्रदेश’ असा शिक्का! १९५६ पर्यंत नागपूर त्या राज्याची राजधानी होतं, हे शाळेत वाचलं होतं. पण आजोबांच्या सहीशेजारी तो शिक्का पाहिला आणि अंगावर काटा आला.

तळाशी एक फोटो. बायका संत्री निवडताहेत, मागे पेन्सिलीनं ‘मृग बहार’, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारं संत्र्याचं पीक. मोठी आई बराच वेळ बघत राहिली. मग एका बाईच्या नथीवर बोट ठेवून म्हणाली, “ह्या माझ्या सासूबाई.”

दोन पट्ट्या वाळवीनं खाल्ल्या. उरलेल्या उद्याच स्कॅन करतो. तुमच्याही माळ्यावर असं काही असेल, तर रद्दीत देऊ नका हो.