आमची वाटचाल: जुन्या जीपचा मागचा एक्सल आणि ब्रेक

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं काम चालतं. जुन्या जीपचा मागचा एक्सल आणि चारही चाकांचे ब्रेक, एवढंच. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, बॉडी तर नाहीच. मिलिटरी डिस्पोजलची विलीज, लो बॉनेट म्हणजे बुटक्या बॉनेटची, महिंद्राची उंच बॉनेटची म्हणजे हाय बॉनेट सीजे थ्री-बी, त्या घराण्यातली कुठलीही गाडी असो, तिचं हाऊसिंग, शाफ्ट, हब, क्राउन-पिनियन, ड्रम, शू, व्हील सिलेंडर आमच्याकडे मिळतं. नसेल तर शोधून देतो, आणि सापडलंच नाही तर बनवून देतो. 1987 पासून हेच करतो आहोत.

सुरुवात मिस्त्रींमुळे झाली. ते एका साखर कारखान्याच्या गॅरेजमधून निवृत्त झालेले. शेती खात्याच्या जीप त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे उसाच्या फडात आणि चिखलात एक्सल कुठे मार खातो हे त्यांना पाठ होतं. मी फौंड्रीत सुपरवायझर होतो. मला लेथ आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कळायचं, त्यांना जीप कळायची. निम्मी-निम्मी भागीदारी ठरली. कागद केला नाही, आणि ते गेले तोपर्यंत कधी लागलाही नाही.

मिस्त्रींनी येताना स्वतःचा पुलर, म्हणजे हब ओढून काढायचं हत्यार, आणला होता. ट्रकच्या तुटलेल्या हाफ शाफ्टमधून त्यांनी तो घडवला होता. तो अजून आमच्याकडे आहे आणि रोज वापरात आहे. सीजेच्या मागच्या शाफ्टचं टोक टेपर, म्हणजे निमुळतं, असतं, चाक ज्यावर बसतं ते हब त्या टेपरवर घट्ट बसलेलं असतं. वर्षानुवर्षं न उघडलेलं हब सहजासहजी सुटत नाही. मिस्त्रींची पद्धत अशी: नट पूर्ण काढायचा नाही, दोन आटे सैल करून तसाच ठेवायचा. पुलर चाकाच्या स्टडवर बसवून ताणायचा आणि चहाला जायचं. हब सुटलं की बंदुकीच्या बारासारखा आवाज यायचा आणि नट शाफ्टवर असल्यामुळे ड्रम कुणाच्या पायावर पडायचा नाही. शाफ्टच्या तोंडावर घण मारणारे मेकॅनिक आजही भेटतात. तो मार सरळ आत जातो, बेअरिंगवर आणि मधल्या थ्रस्ट ब्लॉकवर. नंतर डिफरन्शियल आवाज करतो म्हणून तेच गिऱ्हाईक आमच्याकडे येतं.

विषय निघालाच आहे तर सांगतो. टेपरला ग्रीस लावू नका. हब टेपरच्या पकडीवर फिरतं, शाफ्ट आणि हबच्या खाचेत बसणाऱ्या लोखंडी चावीवर नाही. टेपर कोरडा, स्वच्छ हवा, आणि तपासायचा निळा रंग लावून हब त्यावर फिरवलं की डाग सगळीकडे सारखा उठला पाहिजे. डाग एकाच कडेला उठत असेल आणि तरीही नट आवळून गाडी दिली, तर चावी तुटणार आणि कीवे, म्हणजे चावीची खाच, खाल्ला जाणार. मग शाफ्टही गेला आणि हबही गेलं. दुसरं म्हणजे, बऱ्याच जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे ठाऊक नसलेल्या पंक्चरवाल्यांनी मोडलेले स्टड आमच्याकडे डबाभर आहेत.

माल शोधणं हा या धंद्याचा अर्धा भाग. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचं भंगार, दिल्लीला मायापुरी. महायुद्धातल्या विलीजचं मॉडेल एमबी, तिचा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग. त्याचा शाफ्ट फ्लँजला बोल्ट लावून हबला जोडलेला, वजन शाफ्टवर येतच नाही. तीच जीप फोर्डनेही बनवली, आणि फोर्डच्या कारखान्यातल्या बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी एफ असतो. मिस्त्री भंगाराच्या ढिगात ग्रीसने माखलेला बोल्ट अंगठ्याने पुसून तो एफ शोधायचे. रेशोचं, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या क्राउन आणि छोट्या पिनियन गिअरच्या दात्यांच्या प्रमाणाचं, काम सर्वांत नाजूक. एमबीचा 4.88, म्हणजे क्राउनला 39 दाते आणि पिनियनला 8. सीजे थ्री-बीचा 5.38, म्हणजे 43 आणि 8. फोर व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा रेशो वेगळा पडला तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस जखडून बसते. डिझेल इंजिन बसवताना लोकांनी हाती लागेल तो एक्सल घातला आहे. म्हणून आम्ही फोनवर ऑर्डर घेतच नाही. आधी कव्हर उघडा, दाते मोजा, मग बोला.

ड्रम मात्र पहिल्यापासून आम्ही स्वतःच करून घेत आलो. जुने नऊ इंची ड्रम परत परत लेथवर टर्न करून, म्हणजे आतून घासून, इतके पातळ झाले होते की उतरत्या घाटात तापले की फाकायचे आणि पेडल तळाला जायचं. शिरोलीच्या एका फौंड्रीत आमच्या पॅटर्नवर, म्हणजे साचा काढायच्या नमुन्यावर, कास्टिंग व्हायचं, मशिनिंग आमच्याकडे. ड्रमच्या पाठीवर त्रिकोणातली आमची खूण ओतीव असायची. पहिल्या लॉटचे ड्रम गगनबावड्याच्या एका डॉक्टरांनी स्वतःच्या लो बॉनेटला बसवून घेतले. करूळ घाट उतरून ते वैभववाडीला पेशंट बघायला जायचे आणि परत आले की आम्हाला कळवायचे, कुठल्या वळणावर गाडी कुठल्या बाजूला ओढते, पेडल किती खाली येतं. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही ड्रमच्या तोंडाची कड जाड केली. ती आजही तशीच आहे.

नंतरची बरीच वर्षं बरी गेली.

2004 साली मुंबईचा एक मोठा व्यापारी आमच्याकडे आला. नाव घेत नाही, पण या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. सगळा माल मीच उचलतो, तुम्ही किरकोळ विकू नका, नव्वद दिवसांची उधारी द्या, असं त्याचं म्हणणं. पहिली काही बिलं वेळेवर आली. मग हप्ते लांबले, चेक पुढच्या तारखांचे यायला लागले, आणि मग ऑर्डरच कमी झाली. बाजारात मात्र आमच्या खुणेचे ड्रम भरपूर दिसत होते.

त्यातच तक्रारी सुरू झाल्या. आंबा घाटात ड्रम तडकला, रत्नागिरीकडच्या एका जीपचं मागचं चाक जाम झालं. लोक थेट आमच्या दारात यायचे, हातात तुटका ड्रम, त्यावर आमची खूण. एका गृहस्थांनी तो माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाले, "माझी बायको-पोरं होती गाडीत." त्यांना काय उत्तर देणार?

मिस्त्रींनी तो ड्रम सरफेस प्लेटवर ठेवला, शेजारी आमचा. व्हर्निअर लावला. बोअर, म्हणजे आतला व्यास, दोन्हींचा नऊ इंच. बाहेरचा व्यास त्या तुटक्या ड्रमचा अडीच मिलिमीटरने कमी. खूणही जराशी लहान, अक्षराच्या कडा बोथट. मिस्त्री म्हणाले, "ह्यो आपला न्हवंच." फौंड्रीवाल्यांना लगेच उमजेल. नकली माल काढणाऱ्यांनी आमचाच तयार ड्रम मातीत दाबून साचा काढला होता. बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, ते धरून पॅटर्न मोठा करावा लागतो. त्यांनी पॅटर्न केलाच नाही. ओतलेला ड्रम आकसला, बोअर मात्र नऊ इंचांनाच मारावा लागला, त्यामुळे भिंत सव्वा मिलिमीटरने बारीक. वर बीडही कुठल्याही भंगाराचं, टर्न करताना जागोजागी कडक गाठी लागायच्या आणि टूलची धार जायची.

त्या व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, खूण काय कुणीही लावेल. त्यानंतर त्याचे सगळे चेक परत आले. कलम 138 खाली केस केली, तारखा पडत गेल्या. फौंड्रीचे पैसे द्यायचे होते, बँकेची लिमिट संपली होती. नवा घेतलेला लेथ विकला, घराशेजारचा प्लॉट विकला. मिस्त्रींनी वर्षभर वाटणी उचलली नाही. शेवटी तडजोडीत निम्म्याहून कमी रक्कम मिळाली. त्याचं दुकान आजही जोरात आहे, बोर्ड दिव्यांचा आहे, आणि आमच्या खुणेचे खोटे ड्रम अजूनही अधूनमधून बाजारात निघतात. हा राग माझा गेलेला नाही आणि जाईल असं वाटतही नाही.

त्या काळात डॉक्टर एका सकाळी आले. दोन पूर्ण ब्रेक सेटचे पैसे आगाऊ दिले. त्यांना तेव्हा सेट लागत नव्हते, हे मला माहीत होतं. ओळखीच्या जीपवाल्यांना त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर पत्रं लिहिली: खरा ड्रम कसा ओळखावा, बाहेरचा व्यास किती असावा, आणि पत्ता आमचा. कोकणातली आणि बेळगावकडची आमची गिऱ्हाइकं त्या पत्रांमुळे परत आली. डॉक्टर आता गाडी चालवत नाहीत. जीप त्यांच्या नातवाकडे आहे, ब्रेकचं काम आमच्याकडेच येतं.

तेव्हापासून प्रत्येक ड्रमवर नंबर पंच करतो आणि वहीत गाडीमालकाचं नाव लिहून ठेवतो. व्यापाऱ्याला उधारी बंद. जे नवे लोक स्पेअरच्या धंद्यात उतरताहेत त्यांनी एक पाळावं, सगळा माल एकाच्या हाती देऊ नये, तो कितीही गोड बोलला तरी.

अलीकडे गिऱ्हाईक बदललं आहे. 2021 साली व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे केंद्राचे नियम आले, पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, त्यामुळे पुण्या-मुंबईचे हौशी लोक अस्सल मालासाठी विचारतात. रंगाला लाखभर रुपये घालतात आणि व्हील सिलेंडरच्या रबरात काटकसर करतात. तसं करू नका. ब्रेक ऑइलही सीलबंद डब्यातलंच घाला. उघडा राहिलेला डबा हवेतलं पाणी ओढतो, आणि घाटात ते पाणी उकळलं की पेडल स्पंजसारखं लागतं.

एमबीच्या फुल फ्लोटिंग एक्सलची हाऊसिंग आता फार कमी मिळतात. कुणाच्या गोठ्यात, कारखान्याच्या यार्डात, जुन्या गॅरेजमागे असं हाऊसिंग पडून असेल, वाकलेलं का असेना, तर भंगारवाल्याला देऊ नका. आम्ही स्वतः येऊन बघू, आणि किलोच्या भावाने नाही, मालाच्या भावाने घेऊ.